'रिच डॅड पुअर डॅड' पटले नाही, लेखक तर त्याहून नाही : माझे आक्षेप चुकीचे आहेत का?

अजिंक्यतारा_सातारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. साताऱ्यातील आमच्या वाचक मंडळाने या वेळी रॉबर्ट कियोसाकी यांचे 'रिच डॅड पुअर डॅड' हे पुस्तक चर्चेला घेतले होते. पगारावर जगणारे स्वतःचे वडील (पुअर डॅड) आणि मित्राचे धनाढ्य वडील (रिच डॅड) यांच्या शिकवणीची तुलना करून पैशाविषयी सल्ला देणारे हे पुस्तक. मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक आहे. पुस्तक मराठी अनुवादात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि ते मला पटले नाही, असे बैठकीत स्पष्ट सांगितले. त्यावर एका तरुण सभासदाने, "सर, तुम्ही स्वतःच पुअर डॅड आहात, तुम्हाला ते झोंबणारच," असे तोंडावर ऐकवले. बोलण्याचा राग नाही, पण माझ्या एकाही मुद्द्याला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही, म्हणून ते मुद्दे येथे मांडत आहे.

पहिला मुद्दा पुस्तकातल्या गरीब बापाचा. हे लेखकाचे सख्खे वडील, राल्फ कियोसाकी. हवाई राज्याच्या शिक्षण खात्याचे ते प्रमुख होते, म्हणजे आपल्याकडच्या शिक्षण संचालकाच्या तोडीचे पद. शिकलेला, प्रामाणिक, पगारावर जगणारा आणि म्हणूनच आयुष्यभर ओढग्रस्तीत राहिलेला माणूस, असे त्यांचे चित्र पुस्तकात आहे. प्रत्यक्षात १९७० साली त्यांनी राज्याच्या उपराज्यपालपदाची निवडणूक सत्तेवरील पक्षाच्या विरोधात लढवली आणि ते हरले. सरकारी नोकरीतला माणूस सरकारविरुद्ध उभा राहून पडला तर पुढे त्याचे काय होते, हे जिल्हा परिषदेच्या राजकारणात मुरलेल्या सातारकरांना समजावून सांगायला नको. त्यांच्या उतारवयातील अडचणींचे खापर 'शिका आणि चांगली नोकरी मिळवा' या सल्ल्यावर फोडणे मला न्यायाचे वाटत नाही. स्वतःच्या वडिलांना जगभर 'गरीब बाप' म्हणून प्रसिद्ध करून त्यावर संपत्ती उभी करणे हे तर मला रुचतच नाही. पण तो रुचीचा प्रश्न झाला, तो बाजूला ठेवतो.

दुसरा मुद्दा श्रीमंत बापाचा. मित्राचे वडील, हवाईतील सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक, अशी त्यांची ओळख दिली आहे. १९९७ साली पुस्तक आले तेव्हापासून हे गृहस्थ कोण, असे लोक विचारत होते. २००३ मध्ये 'स्मार्टमनी' या अमेरिकी मासिकाने हाच प्रश्न केला, तेव्हा लेखकाने हॅरी पॉटर तरी खरा आहे का, असे विचारून रिच डॅडलाही तसेच मिथक राहू द्या, अशा अर्थाचे उत्तर दिले. पुढे अनेक वर्षांनी हवाईतील एका दिवंगत हॉटेल व्यावसायिकाचे नाव पुढे करण्यात आले. कादंबरीला माझी हरकत नाही. पण हा माणूस मी पाहिला, त्याने मला असे शिकवले आणि म्हणून तुम्हीही तसेच करा, असे सांगणाऱ्या पुस्तकात तो माणूस होता की नव्हता याला महत्त्व आहे. सिद्धतेतील गृहीतच काढून घेतले तर निष्कर्ष कशावर उभा राहणार?

तिसरा मुद्दा लेखकाच्या उत्पन्नाचा. पुस्तक येण्यापूर्वी त्यांनी केलेल्या धंद्यांपैकी नायलॉनच्या पाकिटांचा धंदा बुडाला, हे ते स्वतःच सांगतात. त्यांची खरी भरभराट पुस्तक, 'कॅशफ्लो' नावाचा पटावरील खेळ आणि व्याख्यानमाला यांतून झाली. म्हणजे श्रीमंत कसे व्हावे, हे सांगूनच ते श्रीमंत झाले. शेरॉन लेक्टर या लेखापाल बाई पहिल्या आवृत्तीच्या सहलेखिका होत्या; पुढे भागीदारी फिसकटली, प्रकरण कोर्टात गेले आणि नंतरच्या आवृत्त्यांवरून त्यांचे नाव गेले. व्याख्याने भरवणाऱ्या एका संस्थेचे दोन कोटी डॉलरहून अधिक देणे कोर्टाने ठरवले, तेव्हा २०१२ साली त्यांच्या 'रिच ग्लोबल' या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि लेखकाची वैयक्तिक संपत्ती शाबूत राहिली. मंडळातील मुले याला हुशारी म्हणतात. मला दुसरा शब्द सुचतो.

आणि हे सारे वाचायचे ते साताऱ्यात, जिथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' असा मंत्र दिला आणि वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. या भूमीतील मुलाने शिक्षण म्हणजे गरिबीचा रस्ता असे मानावे, याचे मला वाईट वाटते.

माझा प्रश्न असा की, प्रेरणा देणाऱ्या पुस्तकाचे मूल्यमापन करताना लेखकाच्या आयुष्याचा हिशेब मागणे योग्य आहे, की 'घेण्यासारखे तेवढे घ्यावे' हेच बरोबर? ज्यांना पुस्तकाचा खरोखर उपयोग झाला, त्यांनीही अवश्य लिहावे.

गलाई_विटा

सर, नमस्कार. मी विट्याचा. वडील आणि चुलते गलाईच्या व्यवसायासाठी तरुणपणीच दक्षिणेत गेले आणि आमचे दुकान अजून तिकडेच आहे. सोने-चांदी गाळायची, टंच (शुद्धता) काढायचा, मजुरी घ्यायची, हा आमचा धंदा. खानापूर-आटपाडीकडच्या दुष्काळी गावांतून अशी हजारो कुटुंबे देशभर पांगली आहेत, हे आपल्याला माहीत असेलच.

मला या पुस्तकाचा उपयोग झाला आणि तो कसा झाला, ते सांगतो. आमच्या समाजात पैसा मिळवण्याची अक्कल कोणाकडून शिकावी लागत नाही, पण मिळालेला पैसा जातो कुठे, याचा कोणी विचार करत नाही. दुकानात येणारे पैसे भट्टीशेजारच्या गल्ल्यात पडतात आणि तेथूनच लग्न, यात्रा, गाडी आणि गावाकडचा बंगला यांना जातात. आमच्या गावाकडे असे दुमजली बंगले ओळीने उभे आहेत, जे वर्षातून यात्रेला आणि लग्नसराईत उघडतात, एरवी त्यांना कुलूप असते. या पुस्तकात चौकटी आणि बाण काढून उत्पन्न, खर्च, येणे आणि देणे दाखवले आहे. मी तेच चित्र दुकानातील कॅलेंडरच्या पाठीवर काढून वडिलांपुढे ठेवले आणि बंगल्याचा बाण खिशातून बाहेर जाणारा काढला. वडील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग काय, बंगल्यात भाडेकरू घालू? खालच्या आळीला तोंड कसं दाखवू?" पण दुसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांचे काम मात्र त्यांनी थांबवले आणि त्या पैशात दुकानाशेजारचा गाळा घेतला. हे काम मला बी.कॉम.च्या तीन वर्षांनी करता आले नव्हते, सर.

आता श्रीमंत बाप खरा की खोटा. पुस्तकात नऊ वर्षांची दोन मुले टूथपेस्टच्या शिशाच्या नळ्या वितळवून नाणी पाडतात, आणि याला बनावट नाणी पाडणे म्हणतात, हा गुन्हा आहे, असे लेखकाचे वडील त्यांना सांगतात, असा प्रसंग आहे. आमच्या घरी तो मोठ्याने वाचला तेव्हा चुलते पोट धरून हसले, कारण मूस आणि साचा यांच्याशी खेळतच आम्ही मोठे झालो. तो प्रसंग घडला असो वा नसो, त्यातून मिळायचे ते मिळाले. पंचतंत्रातला सिंह कोणत्या जंगलात राहत होता, हे आपण विचारत नाही.

आणि कर्मवीरांचे म्हणाल, तर त्यांनी स्वतः किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल गावोगाव विकलेला आहे. विक्री आणि व्यवहार त्यांना वर्ज्य नव्हता. १९१९ साली काले येथे सुरू केलेली रयत शिक्षण संस्था एवढी वाढली, त्यात त्या फिरतीच्या काळात जोडलेल्या माणसांचा वाटा नसेल, असे मला वाटत नाही. त्यांना आपण पगारदार शिक्षणाच्या बाजूला आणि या पुस्तकाच्या विरोधात उभे करता, ते मला मान्य नाही.

हळदपेठ_सांगली

सांगलीत करसल्लागार म्हणून काम करतो. पुस्तक वाचून काही करायला निघालेले अशील माझ्याकडे येतात, त्यामुळे मला लेखकाच्या चारित्र्यापेक्षा त्याच्या सल्ल्याची काळजी जास्त आहे.

पुस्तकात एक व्यवहार आहे. लेखक ७५,००० डॉलरचे घर दिवाळखोरीतून २०,००० ला घेतो, त्यासाठी मित्राकडून २,००० डॉलर उसने आणतो आणि ते घर ६०,००० ला विकून मोकळा होतो. हे वाचून एक तरुण बँकेच्या लिलावातील फ्लॅट 'उसनवारीवर' उचलायला निघाला होता. आपल्याकडे सरफेसी कायद्याखालील (थकलेल्या कर्जासाठी बँक तारण विकते त्या) लिलावात आधी अनामत भरावी लागते, बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी अनामतीसह किमतीच्या २५ टक्के आणि उरलेली रक्कम साधारण १५ दिवसांत भरावी लागते. मुदत लांबवायची तर बँकेची संमती लागते. रक्कम न भरल्यास भरलेले पैसे जप्त होतात. शिवाय खरेदीच्या दस्तावर मुद्रांक शुल्क आहे, नोंदणी फी आहे, आत राहणारा माणूस जागा सोडत नसेल तर ताबा मिळेपर्यंतचा काळ आहे. यांतील एकही गोष्ट त्या प्रकरणात नाही, कारण ते अमेरिकेतील एका राज्यातल्या पडत्या बाजाराचे वर्णन आहे.

दुसरा सल्ला अधिक घातक आहे. सर्वप्रथम स्वतःला पैसे द्या, सरकार आणि देणेकरी यांना नंतर द्या, त्यांच्या तगाद्यामुळे तुम्हाला जादा कमवायची बुद्धी होईल, असे लेखक म्हणतो. बचत आधी बाजूला काढा, एवढाच अर्थ घेतला तर ठीक. पण कामगारांच्या पगारातून कापलेला टीडीएस (आयकर) वापरायला ठेवला तर महिना दीड टक्का व्याज लागते आणि प्रकरण फौजदारीपर्यंत जाऊ शकते. जीएसटी थकवला तर वर्षाला १८ टक्के. पतसंस्थेचा हप्ता थकला की पहिली नोटीस जामीनदाराच्या दारात जाते, आणि आपल्याकडे जामीनदार म्हणजे बहुधा मेहुणा किंवा शाळेतला मित्र असतो. कर्ज बुडाले तर फक्त घर जाईल, बाकी माणूस मोकळा, अशी सोय अमेरिकेतील काही राज्यांत आहे. आपल्या सांगलीच्या विश्रामबागेत ती नाही.

गलाई दादांनी सांगितलेली बाणांची आकृती मलाही आवडते आणि मी ती अशिलांना काढून दाखवतो. गंमत अशी की, तीच कसोटी प्रामाणिकपणे लावली तर पुस्तकात सुचवलेला धंदाच आपल्याकडे नापास होतो. सांगली-मिरजेत फ्लॅटचे भाडे बहुतेक वेळा किमतीच्या दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि कर्जाचा दर आठ-नऊच्या घरात असतो. कर्ज काढून भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या फ्लॅटचा बाण दर महिन्याला खिशातून बाहेरच जातो. त्यात आपला गाव नदीकाठी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा पेठेतील गाळे भाड्याने देणाऱ्यांचे भाडेही थांबले, फर्निचरही गेले आणि हप्ते मात्र सुरू राहिले. झोपेतही पैसा येत राहतो, असे सांगणाऱ्यांनी चिखल उपसण्याचा खर्च कोणत्या चौकटीत लिहायचा, तेही सांगावे.

सरांच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर एवढेच की, लेखकाचे आयुष्य तपासायला हरकत नाही, पण त्याचा सल्ला आपल्या सात-बाऱ्यावर आणि पासबुकावर तपासणे जास्त निकडीचे आहे. २००२ साली लिहिलेल्या दुसऱ्या एका पुस्तकात त्यांनी २०१६ च्या सुमारास शेअर बाजार भयंकर कोसळेल, असे भाकीत केले होते. ज्यांनी ते खरे मानून त्या काळात म्युच्युअल फंडाची एसआयपी (दरमहाची ठरावीक गुंतवणूक) मोडली, त्यांनी काय गमावले, ते ज्याचे त्याने काढावे.

कृष्णाघाट_मिरज

सर्वांचे प्रतिसाद वाचले. गलाई दादांना या पुस्तकाने मदत झाली असेल, पण आमच्या घरी ते ज्या वाटेने आले, त्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते.

माझ्या यजमानांना त्यांच्या एका सहकाऱ्याने 'एक कार्यक्रम आहे' म्हणून एका मंगल कार्यालयात नेले. घरी आले ते हे पुस्तक घेऊन. त्यातील नोकरदारांविषयीच्या ओळी आधीच पिवळ्या पेनाने रंगवलेल्या होत्या, म्हणजे वाचणाऱ्याने काय वाचायचे, ते ठरवूनच प्रत हातात दिली होती. पुढच्या आठवड्यात 'अपलाइन', म्हणजे साखळीत यांच्या वरचे गृहस्थ, घरी आले आणि त्यांनी शंभर ओळखीच्या माणसांची यादी काढायला सांगितली. यादीत पहिले नाव माझ्या धाकट्या दिरांचे होते. साबण, प्रथिनांची पावडर आणि आणखी काय काय यांचे खोके कपाटावर आले, ते बहुतेक आम्हीच वापरून संपवले. कंपनीचे नाव लिहीत नाही. अशा अनेक आहेत आणि सगळ्यांच्या टेबलावर हेच पुस्तक असते.

मला सुरुवातीला वाटले की, यात बिचाऱ्या लेखकाचा काय दोष. मग पुस्तक मी स्वतः वाचले. ज्यांना विक्री शिकायची आहे, त्यांनी नेटवर्क मार्केटिंगच्या कंपनीत जावे, असे त्यांनी याच पुस्तकात सुचवले आहे, आणि २०१० मध्ये तर त्या धंद्याची भलावण करणारे स्वतंत्र पुस्तकच काढले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या प्रशिक्षण वर्गांत गुप्तपणे चित्रण करून कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने त्याच वर्षी एक कार्यक्रम दाखवला. आलेल्या लोकांना क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्यायला सांगितले जात होते, असे त्यात दिसले. मग लेखक वेगळा आणि पुस्तक वेगळे, असे कसे म्हणायचे? माणसाने दाखवलेला रस्ता त्याच्याच दुकानापाशी संपत असेल, तर रस्ता कोणी आणि का आखला, हे विचारायलाच हवे.

आपल्याकडे १९७८ पासून साखळी योजनांवर बंदीचा कायदा आहे आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनी केवळ माणसे जोडण्याबद्दल पैसे देणे निषिद्ध केले आहे. हे त्या मंगल कार्यालयात कोणी सांगत नाही. आणि एक गोष्ट सरांना सांगावीशी वाटते. तुमच्या मंडळातील मुलाने 'तुम्ही पुअर डॅड आहात' असे म्हटले ना, ते त्याचे स्वतःचे वाक्य नसावे. शंका विचारणाऱ्या नातेवाइकाला हेच उत्तर द्यायचे, असे तिथे पढवले जाते. माझ्या सासऱ्यांना, जे महामंडळात वाहक म्हणून निवृत्त झाले आणि ज्यांच्या निवृत्तीच्या पैशावर आमचे घर उभे आहे, त्यांना हेच वाक्य ऐकावे लागले.

गलाई_विटा

ताई, तुमच्या सासऱ्यांना कोणी असे बोलले असेल, तर ते चूकच. प्रशिक्षण वर्ग आणि साखळी धंदा यांची बाजू मी घेत नाही. आमच्याकडेही असे लोक दुकानात येऊन गेले, आणि रोज टंच बघणारा माणूस अशांना लवकर ओळखतो.

परंतु पुस्तकाचा गैरवापर झाला म्हणून त्यातील पहिली तीन प्रकरणेही फेकून द्यावीत, हे मला अजून पटत नाही. करसल्लागार साहेबांनी ज्या त्रुटी दाखवल्या, त्या शेवटच्या भागातील आहेत. माझ्या वडिलांना मराठीत, सोप्या भाषेत, घरातील पैशाचे चित्र काढून दाखवणारे याआधीचे एक पुस्तक कोणी मला सांगावे. शाळेत आम्हाला चक्रवाढ व्याजाची उदाहरणे घातली, पण घरातल्या कर्जाला ती कोणी लावून दाखवली नाहीत. ती जागा रिकामी होती, म्हणून परदेशातला माणूस येऊन बसला.

अजिंक्यतारा_सातारा

सर्वांचे आभार. ताईंनी लिहिलेली बाजू मला ठाऊक नव्हती. बैठकीत ते वाक्य ज्याने ऐकवले, त्याला या आठवड्यात एकटे गाठून पुस्तक त्याला कोणी दिले, एवढे विचारणार आहे.

गलाई दादा, कर्मवीर विक्रेते होते हे खरे, पण नांगर आणि कंदील विकताना ते गिऱ्हाइकाला नांगर आणि कंदीलच देत होते. माझा कियोसाकींवरील आक्षेप विक्रीला नाही. श्रीमंत बापाच्या बाबतीत पंचतंत्राचा दाखलाही मी मान्य करणार नाही. कियोसाकी रिच डॅडच्या दुकानात दहा सेंटवर काम केल्याचे सांगतात; पंचतंत्रकार विष्णुशर्म्याने आपण त्या सिंहाच्या दुकानात तसे काम केले, असा दावा केलेला नाही. वडिलांविषयीचा माझा मुद्दा तर कोणी खोडलाच नाही, तो कायम आहे.

चक्रवाढ व्याजाबद्दल मात्र आपण म्हणता ते गणिताच्या शिक्षकाने ऐकून घेतले पाहिजे. पाठ्यपुस्तकातील 'रामरावांनी द. सा. द. शे. १० दराने' कर्ज काढले, तर ते हप्त्याने कसे फिटते, पहिल्या वर्षांत मुद्दल किती कमी फिटते, हे आम्ही फळ्यावर कधी मांडले नाही. पुढच्या बैठकीला मी पतसंस्थेच्या एका खऱ्या गृहकर्जाचे परतफेडीचे कोष्टक, नाव झाकून, प्रत्येकाला देणार आहे. हळदपेठकर, आपण सांगलीहून येऊ शकलात, तर लिलावाच्या अटींची एखादी जाहिरातही सोबत आणावी. रविवार ठेवू, म्हणजे आपल्याला सोयीचे पडेल.

हळदपेठ_सांगली

रविवार चालेल, सर. मात्र विवरणपत्रांची मुदत संपल्यानंतरचा कोणताही ठेवा.